उपग्रहाला हिरवे दिसले, पण भात कुठे आहे?

नायगावहून सुटलेली लोकल वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडून भाईंदरकडे आली, की खिडकीतून मिठागरे दिसू लागतात. पूर्वीच्या मानाने आता कितीतरी कमी उरली आहेत. तरी उन्हाळ्यात मिठाच्या राशी आणि चौकोनी वाफे नजरेत भरतातच. हेच दृश्य आठ-नऊशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला कसे दिसत असेल? चकचकीत पांढऱ्या ठिपक्यांचा पुंजका, एवढेच. आणि गंमत अशी की कच्छच्या रणातले मीठही त्याला असेच पांढरे दिसते. एकीकडे दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणारा आपला खाडीकाठ, दुसरीकडे ओसाड रण. चित्रात मात्र रंग एकच!

आता तुम्ही म्हणाल, रणाचा आणि मीरा-भाईंदरचा संबंध काय? वाळवंट राजस्थानात, आपण ठाणे जिल्ह्यात. पण वाचकहो, जमीन नापीक कशी होत जाते हे आकाशातून ओळखण्याचे जे शास्त्र आहे, ते मोठ्या प्रमाणावर वाळवंटांवरच घासूनपुसून तयार झाले. तेच शास्त्र आज आपल्या तालुक्यात दुष्काळ आहे की नाही, आपले शेत शेत आहे की कांदळवन, हे ठरवण्यात हातभार लावते. म्हणून ते थोडे समजून घेतलेले बरे.

या शास्त्राला सुदूर संवेदन म्हणतात. नाव जड आहे, काम सोपे आहे. सूर्याचा उजेड जमिनीवर पडतो आणि परत फिरतो. कोरडी वाळू तो भरपूर परतवते, पाणी जवळपास सगळा गिळते, काळी जमीन बराचसा गिळते. हिरवे पान आपल्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड जोराने परतवते. उपग्रहावरचा कॅमेरा हा अवरक्त उजेडही टिपतो आणि चित्रात तो लाल रंगाने दाखवण्याची रीत आहे. म्हणजे तुमचे तरारलेले भात या चित्रात लालभडक दिसणार, पाणी काळे, मीठ पांढरे, उघडी माळरानाची जमीन निळसर-करडी. पहिल्यांदा पाहणारा गोंधळतोच.

आपल्या देशात या तंत्राची सुरुवात झाली ती नारळापासून. केरळात नारळाच्या मुळांना रोग लागला होता. प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर बागांचे फोटो काढण्यात आले आणि रोगट झाडे रंगावरून वेगळी काढता येतात हे दिसून आले. हे पिशारोटी म्हणजे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. पुढे अमेरिकेचा लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी वर गेला आणि १७ मार्च १९८८ रोजी आपला स्वतःचा आयआरएस-१ए.

पण उपग्रहाला किती बारीक दिसते? शेतकऱ्याला मीटरपेक्षा गुंठा लवकर समजतो, म्हणून हिशेब गुंठ्यात मांडू. आयआरएस-१ए च्या साध्या कॅमेऱ्याचा एक ठिपका सुमारे ७२ मीटर लांब-रुंद होता, म्हणजे जवळजवळ ५२ गुंठे. सव्वा एकराचा एकच ठिपका! त्यात बांध, विहीर, आंब्याचे झाड, सगळे एकाच रंगात कालवलेले. देशाचा जमीन-ऱ्हासाचा नकाशा ज्या कॅमेऱ्याने केला त्याचा ठिपका ५६ मीटरचा, म्हणजे ३१ गुंठ्यांच्या आसपास. युरोपने २०१५ पासून सोडलेल्या सेंटिनेल-२ या उपग्रहांचा ठिपका १० मीटरचा, म्हणजे एक गुंठा म्हणा ना. आणि ही चित्रे कुणालाही फुकट मिळतात.

वाळूखालची नदी

वाळवंटाचा अभ्यास आकाशातूनच का करावा लागला? कारण तिथे पायी फिरणे कठीण आणि पसारा अफाट. उंटावरून हिंडणारा माणूस एका टेकडीची उंची मोजेल, पण हजारो टेकड्यांची रांग कोणत्या दिशेने लागली आहे ते त्याला कसे दिसणार? लँडसॅटची चित्रे आली आणि वाळूचे समुद्रच्या समुद्र एका नजरेत आले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९७९ मध्ये जगभरच्या वाळूच्या सागरांवर मोठा ग्रंथ काढला, तो बराचसा या चित्रांच्या आधाराने. टेकडीच्या आकारावरून वारा कुठून वाहतो तेही कळते. आपल्या थरच्या वाळवंटातल्या पुष्कळशा टेकड्या नालाच्या आकाराच्या आहेत. त्यांची टोके नैऋत्येकडे, म्हणजे वारा येतो त्या दिशेला वळलेली असतात. पावसाळ्याचे वारे तिथेही नैऋत्येचेच, फक्त ते पाऊस आणण्याऐवजी वाळू हलवतात.

याहून नवल घडले १९८१ च्या नोव्हेंबरात. कोलंबिया या अंतराळयानातून इजिप्त आणि सुदानच्या वाळवंटावर रडारच्या लहरी सोडण्यात आल्या. वाळू अगदी कोरडी असल्यामुळे लहरी तिच्यात शिरल्या आणि खालचा थर दाखवून परत आल्या. वर सपाट वाळू, खाली प्राचीन नद्यांची पात्रे! आपल्याकडेही राजस्थान-हरियाणातल्या घग्गर नदीच्या कोरड्या, रुंद पात्राचा माग प्रा. यशपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये लँडसॅटच्या चित्रांवरून काढून दाखवला. अशी जुनी पात्रे म्हणजे भूजल शोधायची जागा, हे विहीर खणणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

सहारा खरेच पुढे सरकतो का?

आता जो भाग सांगतो, तो तलाठ्यांनी आणि कृषी खात्याच्या मंडळींनी जरूर वाचावा.

१९७५ मध्ये सुदानच्या पाहणीतून एक अहवाल निघाला. सहाराचे वाळवंट सतरा वर्षांत ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेकडे सरकले, असे त्यात म्हटले होते. म्हणजे वर्षाला साडेपाच किलोमीटर. हा आकडा जगभर गाजला. वर्तमानपत्रांत आला, सभांमधून सांगितला गेला. पण काही संशोधकांनी १९८० ते १९९० या काळातली उपग्रहाची रोजची मापे घेतली आणि दरवर्षी हिरवाई कुठे संपते ती रेघ आखली. १९९१ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. १९८४ पर्यंत ही रेघ दक्षिणेकडे उतरत गेली हे खरे. पण १९८४ ते १९८५ या एकाच वर्षात ती ११० किलोमीटर उत्तरेकडे परत गेली! पाऊस झाला आणि गवत उगवले, इतकेच.

म्हणजे आधीच्या पाहणीने एक ओले वर्ष आणि एक कोरडे वर्ष शेजारी ठेवून वाळवंट चालत आले असे सांगितले होते. यातून शास्त्रज्ञांनी दोन गोष्टी वेगळ्या करायला सुरुवात केली. एक, यंदा पाऊस नाही म्हणून जमीन उघडी दिसणे. दुसरी, पाऊस येऊनही जमीन हिरवी न होणे. पहिला दुष्काळ, दुसरा ऱ्हास. माण-खटाव, आटपाडी, जत, सांगोला या पर्जन्यछायेतल्या तालुक्यांतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो हा फरक पुस्तक न वाचता सांगेल. चांगल्या पावसाच्या वर्षीही ज्या टेकाडावर कुसळाशिवाय काही येत नाही, ते टेकाड गेले. ते नुसते तहानलेले नाही.

संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणाविरुद्धचा करार १९९४ मध्ये झाला आणि भारताने त्याला १९९६ मध्ये मान्यता दिली. त्यानंतर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने इतर संस्थांना बरोबर घेऊन देशाचा जमीन-ऱ्हासाचा नकाशासंग्रह केला. २००३-०५ मध्ये ऱ्हास झालेली जमीन ९ कोटी ४५ लाख हेक्टर होती, २०११-१३ मध्ये ९ कोटी ६४ लाख आणि २०१८-१९ मध्ये ९ कोटी ७८ लाखांवर गेली. देशाच्या क्षेत्रफळाचे जवळपास ३० टक्के. महाराष्ट्राचा २०११-१३ चा आकडा तर ४५ टक्क्यांच्या घरात!

मात्र या आकड्याने घाबरून जाऊ नका, आणि त्याचा गैरअर्थही काढू नका. निम्मा महाराष्ट्र वाळवंट झाला, असे तो सांगत नाही. त्यात थोडी धूप झालेली जमीनही आहे आणि पार कातळ उघडा पडलेलीही. राजस्थानात वारा माती नेतो, आपल्याकडे ती पाणी नेते. आपल्याकडचे पहिले कारण पाण्याने होणारी धूप आणि त्याखालोखाल झाडोरा उजाड होणे. वळवाच्या चार सरींत वर्षाची माती ओढ्याला जाते, हे ज्याच्या उताराच्या शेताला बांध नाही त्याला ठाऊक आहे. त्यात कृष्णाकाठी अतिपाण्याने चोपण झालेल्या उसाच्या जमिनी आहेत, अकोला-अमरावतीकडचा खारपाणपट्टा आहे. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात वीटभट्टीला वरची माती विकून खड्डा झालेली शेतेही आहेत. ते पाणीही नाही, वाराही नाही. ते आपणच.

पैसेवारीकडून उपग्रहाकडे

आता दुष्काळाकडे येऊ. पूर्वी सगळा हिशेब पैसेवारीचा. पन्नास पैशांच्या आत आली की गावाला आशा, वर गेली की बोंब. केंद्राने २०१६ मध्ये दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता आणली आणि राज्याने ती २०१७ मध्ये स्वीकारली. आता आधी पावसाची तूट आणि खंड पाहायचा, तो पहिला टप्पा. मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतला ओलावा आणि पाणीसाठा या चार कसोट्या लावायच्या. उपग्रहाची कसोटी अशी की यंदाची हिरवाई त्याच जागेच्या मागच्या अनेक वर्षांतल्या सर्वांत वाईट आणि सर्वांत चांगल्या हिरवाईशी ताडून पाहायची. शून्याजवळचा आकडा म्हणजे वाईट, शंभराजवळचा म्हणजे उत्तम. सहाराच्या त्या रेघेने जे शिकवले तेच हे, एका वर्षाच्या चित्रावर विसंबू नका.

या संहितेप्रमाणे ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुके. ४० तालुक्यांबाहेरच्या शेतकऱ्यांनी तेव्हा ओरड केली आणि नोव्हेंबरात हजाराहून अधिक महसूल मंडळे दुष्काळसदृश म्हणून जाहीर करावी लागली. ओरड उगाच नव्हती. तालुका हा सरासरीचा खेळ आहे. कालव्याकाठी दहा गावांत ऊस उभा असेल आणि वरच्या तीस गावांत बाजरी करपली असेल, तर सरासरीत ऊस बाजरीला झाकतो. शिवाय जुलै-ऑगस्टात ढग असतात, आणि साध्या कॅमेऱ्याला ढगाखालचे दिसत नाही. नेमके पीक हातचे जाण्याचे आठवडे ते! यावर उपाय रडारचा. आपले रिसॅट-१ (२०१२) आणि ईओएस-०४ (२०२२) हे उपग्रह त्यासाठीच सोडले गेले. ३० जुलै २०२५ रोजी भारत आणि अमेरिकेचा मिळून केलेला निसार उपग्रह वर गेला, तोही ढगांआडून जमीन पाहू शकतो.

पण उपग्रहाचा आकडा आला म्हणजे काम संपले नाही. संहितेत पुढची पायरी आहे ती जागेवरच्या पडताळणीची. तालुक्यातली दहा टक्के गावे चिठ्ठी टाकावी तशी निवडायची, गावात मुख्य पिकांची पाच ठिकाणे पाहायची, आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे का ते ठरवायचे. हे काम कोण करतो? तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. (आता पदनामे बदलली. तलाठी ग्राम महसूल अधिकारी झाले, पण गावात ते भाऊसाहेबच.) हा पंचनामा रस्त्याकडेच्या शेतात उभे राहून उरकला, तर एवढ्या कोटींच्या उपग्रहाचा उपयोग शून्य. तुमच्या गावाची चिठ्ठी निघाली असेल, तर त्या दिवशी शेतावर हजर राहा आणि आतल्या वाटेच्या शेताकडे त्यांना घेऊन जा. त्यांनाही ते हवेच असते, सांगणारा कुणी नसतो एवढेच.

हिरवे म्हणजे पीक नव्हे

उपग्रहाची सर्वांत मोठी फसगत पांढऱ्यात होत नाही, हिरव्यात होते. सोलापूर-नगरकडे (आता अहिल्यानगर) पडीक रानात वेडी बाभूळ माजते. पाणी नसताना ती हिरवी राहते. जाणकाराने तारीख आणि जागा नीट पाहिली नाही, तर चित्र म्हणते, इथे झाडोरा वाढला. गुरांना चारा नाही, नांगर लागत नाही, आणि कागदावर जमीन सुधारली!

आपल्या खाडीकाठी हीच गोष्ट दुसऱ्या वेषात आहे. राई, मुर्धा, मोर्वा, उत्तन, घोडबंदर या बाजूच्या जुन्या माणसांना खारजमिनीतले भात आठवते. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध राखायचा, पावसाने मीठ धुऊन काढायचे आणि भात घ्यायचे, ही पिढ्यांची विद्या. बांधाला खांड पडली आणि ती बुजवायला कुणी धावले नाही, की उधाणाचे पाणी आत येते. पहिल्या उन्हाळ्यात शेतावर मिठाचा पांढरा पापुद्रा. दोन-चार वर्षांत तिवराची रोपे. पुढे दाट कांदळवन.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवने तोडण्यावर बंदी घातली आणि २०१८ मध्ये अंतिम निकाल दिला. किनाऱ्यावरच्या कांदळवनांचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून तयार झाले. तिवरे राखली पाहिजेत यात वाद नाही. २००५ च्या जुलैत मुंबई-ठाण्यात पाणी कसे चढले, ते आपण भोगले आहे, आणि भराव टाकणाऱ्यांना चाप बसला तो याच नकाशांमुळे. पण सातबाऱ्यावर भात, नकाशावर कांदळवन, आणि ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या हातात काहीच नाही, हा पेचही तितकाच खरा. उपग्रह म्हणतो हिरवे वाढले. शेतकरी म्हणतो माझे भात गेले. दोघेही खोटे बोलत नाहीत.

मग यात आपण काय करायचे? एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. उपग्रहाची जुनी चित्रे पुसली जात नाहीत. लँडसॅटची १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून सर्वांना मोफत खुली आहेत. भारतीय उपग्रहांची चित्रे हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडे आहेत आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या भुवन या संकेतस्थळावर त्यांतली काही कुणालाही पाहता येतात. राज्याचे स्वतःचे सुदूर संवेदन केंद्र १९८८ पासून नागपुरात आहे.

आता खारजमिनीचे चित्र कसे वाचतात पाहा. भाताचे शेत ऑगस्ट ते ऑक्टोबर लाल दिसते, कापणीनंतर करडे पडते. मिठागर मार्चमध्ये पांढरे, ऑगस्टमध्ये पाण्याने काळपट. तिवर मात्र बारा महिने लाल, अगदी मे महिन्यातही. म्हणजे एकाच जागेची वीस-तीस वर्षांची चित्रे ओळीने लावली, तर भात कोणत्या सालापर्यंत होते, पाणी केव्हा शिरले आणि तिवर केव्हा आले हे जाणकाराला सांगता येते. अडचण एवढीच की ३० मीटरच्या ठिपक्यात तुमचे दहा गुंठे एकटे दिसत नाहीत, सबंध शिलोत्र दिसते. त्यामुळे असा अर्ज एकट्याने करण्यापेक्षा एका बांधाआडच्या सर्व खातेदारांनी गटनंबर एकत्र लिहून करावा. मीरा-भाईंदरला महापालिका असल्याने ग्रामसभेचा ठराव मिळणार नाही, तिथे तलाठी कार्यालयातली नोंदच कामी येईल. भिवंडी-शहापूरच्या, खाडीपलीकडे वसईच्या मंडळींना ग्रामपंचायत असेल तिथे ठरावही जोडता येतो.

आणि खांड नव्याने पडली असेल, तर तारीख लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो काढा, तो त्याच दिवशी तलाठ्याला पाठवा, पोच घ्या. ई-पीक पाहणीचे ॲप २०२१ पासून चालू आहे, त्यात पेरणीची नोंद शेतात उभे राहून करा, घरी बसून नको. वरून गेलेल्या उपग्रहाने त्या आठवड्यात ती जागा टिपलेली असतेच. सेंटिनेल-२ ची जोडी तर साधारण पाच दिवसांनी परत येते. खालची तारीख आणि वरची तारीख जुळली, की कुणाही अधिकाऱ्यासमोर ठेवायला तुमच्याजवळ दोन साक्षीदार झाले. येत्या अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाआधी बांधावरून एक फेरी मारून या.